जेबेझच्या जागची मासळी

एझ्रा टास्कर आणि जेबेझ कूलबेक यांच्यात सहा वर्षं बोलाचाली नव्हती. इंग्लंडातल्या ग्रिम्सबी बंदराच्या धक्क्यावर हे सगळ्यांना ठाऊक होतं. जेबेझ आधी एझ्राच्याच 'अगाथा' ट्रॉलरवर त्याच्या हाताखाली होता. एझ्राची बहीण हेट्टी त्यानं केली, तिथवर सगळं गोडीत चाललं. पण पुढं तो 'डोर्कास' या दुसऱ्या ट्रॉलरचा तांडेल झाला तेव्हा जाताना त्यानं 'अगाथा'वरचे चार चांगले खलाशी फोडून नेले. एझ्रानं ते मनाला लावून घेतलं. जेबेझ समोरून आला की हा रस्ता ओलांडायचा, आणि बहिणीकडं जायचा तोही मेव्हणा समुद्रावर असेल तेव्हाच.

एकोणीसशे चौदा सालच्या उन्हाळ्यात जर्मनीशी लढाई पेटली आणि नौदलानं दोन्ही बोटी ताब्यात घेतल्या. 'अगाथा'च्या पुढच्या टोकाला तोफ बसली, अंगावर राखाडी रंग चढला, मासळीच्या खणात माणसांच्या झोपायच्या झोळ्या टांगल्या गेल्या. कितीही धुतलं तरी हॅडक माशाचा वास काही हटेना. एक कोवळा लेफ्टनंट येऊन सलाम कसा ठोकायचा ते शिकवून गेला. त्याची पाठ वळल्यावर म्हातारा इंजिनवाला थर्कल म्हणाला, "तांडेल, आयुष्यभर मी हा हात फक्त नाक पुसायलाच वर नेलाय. आता कपाळापर्यंत जायचा म्हणजे त्याला वाट सापडायची नाही."

काम होतं पाणसुरुंग काढायचं, आणि ते जोडीनंच व्हायचं. दोन बोटींमध्ये लांबलचक पोलादी दोर बांधायचा, तो पाण्याखालून ओढत दोघींनी अंतर राखून शेजारी चालायचं. दोरानं सुरुंगाची साखळी तुटली की सुरुंग वर यायचा, मग लांबून बंदुकीनं तो फोडायचा. जोड्या त्या लेफ्टनंटनं लावल्या. त्याला बिचाऱ्याला काय माहीत? 'अगाथा'च्या जोडीला आली 'डोर्कास'.

पहिले काही आठवडे दोघे तांडेल फक्त निशाणांनी बोलले. मग एका धुकट सकाळी पाण्यावरून कर्ण्याचा आवाज आला.

"ए एझ्रा! सरळ चालव की! गाभण गायीसारखी काय डुलतेय तुझी बोट?"

'अगाथा'वर सगळ्यांच्या माना तांडेलाकडं वळल्या. एझ्रानं हळूच आपला कर्णा उचलला. "आधी तुझं ते गळकं टमरेल सांभाळ, आणि मग मला शिकव!"

पलीकडून हसण्याचा गडगडाट ऐकू आला. सहा वर्षांचा अबोला तिथं संपला. त्यानंतर रोज सकाळी दोर पाण्यात सोडण्याआधी दोघं एकमेकांचा यथेच्छ उद्धार करायचे, तेव्हा कुठं कामाला हात लागायचा. पंधरा सालच्या नाताळात दोघं हेट्टीच्या टेबलाशी शेजारी शेजारी जेवायला बसले. हेट्टी वाढता वाढता मध्येच थांबून दोघांकडं बघत होती.

सोळाच्या एप्रिलमध्ये, ओहोटी लागलेली असताना, 'डोर्कास' सुरुंगावर गेली. आधी तिचा मधला भाग वर उचलला गेल्यासारखा दिसला, मग आवाज आला. उडालेलं पाणी खाली बसेपर्यंत निम्मी बोट गेली होती. उरलेली बुडताना दोर खाली ओढू लागली, आणि त्याबरोबर 'अगाथा'ची मागची बाजू पाण्याकडं झुकली.

"दोर सोडा, तांडेल!" थर्कल ओरडला. "आपणही जाऊ!"

दोर सोडायला कुणाला सांगणं एझ्राला जमलं नाही. तो स्वतःच धावला आणि दोर गुंडाळलेल्या रहाटाचा अडणा काढला. दोर सणसणत गेला आणि त्याचं शेवटचं टोक कठड्यावरून उडून पाण्यात दिसेनासं झालं. मग होडी सोडली. दोन माणसं जिवंत मिळाली. त्यांत जेबेझ नव्हता.

हेट्टीला सांगायला एझ्रा स्वतः गेला. त्याला दारात बघूनच ती काय ते समजली. आत जाऊन खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "शेवटचं काय बोलला तो?"

"तुझी आठवण काढली."

"खोटं बोलू नकोस, एझ्रा. चौदा वर्षांच्या संसारात त्यानं माझी आठवण काढल्याचं मी ऐकलं नाही. आज काय म्हणाला ते सांग."

"म्हणाला, तुझ्या आचाऱ्याचा चहा इथवर घाण मारतोय."

हेट्टीला हसू फुटलं. हसता हसता तिनं एप्रन तोंडावर ओढला, आणि मग ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली.

लढाई संपली. एकोणीस साली 'अगाथा'ची तोफ उतरली, झोळ्या निघाल्या, खणात पुन्हा बर्फ पडला. एझ्रा पुन्हा मासेमारीला जाऊ लागला. चार वर्षं जाळं न पडल्यामुळं समुद्र मासळीनं भरला होता, आणि सगळ्यांत दाट कॉड मासा होता तो बुडालेल्या 'डोर्कास'च्या आसपास. मोडक्या बोटीच्या आडोशाला मासा राहतो. बाकीचे तांडेल तिथून बोटी भरून आणत होते. एझ्रा लांबून वळसा घालायचा आणि अर्ध्या खणानं परत यायचा.

तिसऱ्या खेपेला थर्कल म्हणाला, "तांडेल, मला काही बोलायचं नाही. पण पोरांच्या घरी खाणारी तोंडं आहेत."

एझ्रानं बोट 'डोर्कास'च्या जागेकडं वळवली. जाळं वर येताना तो कठडा धरून उभा होता. एखादा बूट, एखादी फळी, काहीतरी येईल अशी त्यानं मनाची तयारी केली होती. तसलं काहीच आलं नाही. जाळ्यात नुसता कॉड होता, जाडजूड, तुकतुकीत, गेल्या कित्येक वर्षांत पाहिला नव्हता असा. पोरं आनंदानं ओरडली. एझ्रा केबिनमध्ये गेला आणि बंदर येईपर्यंत बाहेर आला नाही.

दर खेपेनंतर तो हेट्टीकडं चार मासे घेऊन जायचा. त्या दिवशी तो रिकाम्या हातानं दारात उभा राहिला.

"मिळालं नाही का काही?" तिनं विचारलं.

"खण भरला."

"मग?"

हेट्टीनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, मग त्याच्या रिकाम्या हातांकडं.

"कुणीतरी धरणारच होतं तिथला मासा," ती हळू आवाजात म्हणाली. "पण तू धरायला नको होतंस रे."

तिनं दार लोटलं, आपटलं नाही.

पुढच्या खेपेला 'अगाथा' दुसरा तांडेल घेऊन गेली. एझ्रा धक्क्यामागच्या वखारीत जाळी विणायला बसला. हेट्टीही तिथंच विणायची, पण पलीकडच्या रांगेत. वर्षभर ती त्याच्याशी बोलली नाही. मग एके दिवशी दुपारी ती आपला पाव घेऊन त्याच्या बाकावर येऊन बसली आणि म्हणाली, "सरक जरा." तो सरकला. दोघांनी पाव खाल्ला. खिडकीतून बोटी आत येताना दिसत होत्या. दोघंही खिडकीकडं पाठ करून बसले होते.