बोटभर खाली आलेली फ्रेम

फोटोंना फ्रेमा करून देणारे एक गृहस्थ होते. वय छप्पन्न, चष्मा जाड, बोटं बारीक. आजूबाजूचे लोक त्यांना ओळंबा म्हणत, कारण गवंड्याच्या ओळंब्यासारखा हा माणूस भिंतीपाशी नुसता उभा राहिला तरी भिंतीला आपण कुठेतरी चुकलो असं वाटायला लागायचं. त्यांना एकाच गोष्टीचा अभिमान होता: आपल्याला कसलंही व्यसन नाही. सिगारेट नाही, दारू नाही. चहासुद्धा दिवसातून एकदाच, तोही अर्धा कप, आणि उरलेल्या अर्ध्या कपावर भाषण.

ते भाषण ऐकायचं काम मेव्हण्याकडे असे. बायकोचा हा धाकटा भाऊ बस दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होता आणि दिवसाला वीस सिगारेटी ओढायचा. जेवून तो गॅलरीत गेला की ओळंबाही मागोमाग जायचे.

"अरे, मनाचा निश्चय लागतो. मला बघ."

"बघतोय भाऊजी. तीस वर्षं बघतोय," मेव्हणा धूर दुसऱ्या बाजूला सोडत म्हणायचा.

शेवटी मेव्हण्याने खरंच सिगारेट सोडायचं मनावर घेतलं. मोठ्या दवाखान्यात त्याच विषयावर अभ्यास चालू होता. ओढणाऱ्यांच्या मेंदूतली रसायनं कशी बदलतात, हे तिथल्या डॉक्टरीणबाई एका यंत्राने टिपत होत्या. तुलनेसाठी त्यांना त्याच वयाची, अजिबात व्यसन नसलेली माणसंही हवी होती.

"आमच्या घरात आहे एक," मेव्हण्याने सांगितलं. "फक्त बोलतो फार."

ओळंब्यांना हे आमंत्रण म्हणजे सत्कारच वाटला. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. तो तिथे गेल्यागेल्या काढून दवाखान्याचा झगा घालावा लागला, ही गोष्ट वेगळी.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. "मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. लोक त्याला आनंदाचं रसायन म्हणतात, पण ते जास्त करून ओढीचं आहे. 'हवंय, आत्ता हवंय' म्हणणारं. आम्ही हातात एक औषध टोचतो. डोपामिन ज्या खुर्च्यांवर बसतं, त्याच खुर्च्यांवर ते औषध बसतं. तलफ आली की डोपामिन वाढतं, आमच्या औषधाला खुर्ची मिळत नाही, आणि ते यंत्राला दिसतं."

"म्हणजे माझ्या मेंदूत सगळ्या खुर्च्या रिकाम्या दिसतील," ओळंबा म्हणाले.

"बघू," बाई म्हणाल्या.

पहिल्या दिवशी त्यांना यंत्राच्या गोल कड्यात झोपवून सिगारेटींची फिल्म दाखवली. पाकीट उघडणारे, काडी ओढणारे, डोळे मिटून झुरका घेणारे. ओळंब्यांनी ती इतक्या शांतपणे पाहिली की टेक्निशियनला दोनदा माइकवरून विचारावं लागलं, "काका, जागे आहात ना?"

आठवड्याने दुसरी खेप. या वेळची फिल्म साधी होती, जी पाहून कुणालाही कशाचीही ओढ वाटू नये अशी. एक बैठकीची खोली. सोफा, टेबल, पडदा. कॅमेरा संथपणे डावीकडून उजवीकडे फिरत होता.

सोफ्याच्या वर भिंतीवर होडीचं एक चित्र होतं. डावीकडून बोटभर खाली आलेलं.

ओळंब्यांनी आधी डोळे बारीक केले. आपणच तिरके झोपलो असू, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण पडदा सरळ होता, दार सरळ होतं, लबाड होती ती फक्त फ्रेम. कॅमेरा पुढे सरकला तसा त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. दोन मिनिटांनी कॅमेरा फिरून परत आला. होडी अजून बुडायच्या बेतात.

चाळीस मिनिटांत ती वीस वेळा आली. दहाव्या वेळेपर्यंत ओळंब्यांच्या हाताला घाम फुटला होता. कॅमेरा खिडकीवर असताना ते फ्रेमची वाट बघत होते, आणि फ्रेम आली की जीव कासावीस होत होता. एकदा, फक्त एकदा, उजव्या हाताच्या दोन बोटांनी तिला खालून हलकेच वर ढकललं असतं तर.

"काका, पाय हलवू नका," माइक म्हणाला.

"पाय राहू द्या हो. ती फ्रेम हलवा."

"काका, बोलू नका."

दहा दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी त्यांना बोलावलं. बरोबर बायको होती. मेव्हणा तर असल्या प्रसंगाला येणारच. टेबलावर मेंदूची दोन रंगीत चित्रं होती.

"आधी आम्हाला वाटलं, फिल्मची अदलाबदल झाली," बाई म्हणाल्या. "सिगारेटी बघताना तुमच्या मेंदूत काहीच नाही. पण रिकामी खोली बघताना मात्र कट्टर ओढणाऱ्याला यावी तशी तलफ. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. तरी मला विचारल्याशिवाय राहवेना. त्या खोलीत तुम्हाला काय दिसलं?"

ओळंब्यांनी चष्मा काढून पुसला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "डावीकडून बोटभर खाली होती."

बाईंना अर्थबोध झाला नाही. बायकोला झाला. तिने पर्स मांडीवर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. दाताच्या डॉक्टरकडे तोंडात कापूस असताना हे खुर्चीवर चढून सर्टिफिकेट सरळ करत होते. शेजारी कुणी वारलं तेव्हा भेटायला गेले आणि गेलेल्या माणसाचाच फोटो खिळ्यावरून काढून परत सरळ लावला. दोन घरांतून आता बोलावणं येत नाही.

"किती वर्षं?" बाईंनी वही ओढली.

"लग्नाआधीपासून असावं. माझ्यापासून लपवलं होतं."

"बंद करायचा प्रयत्न?"

"मी कधीही बंद करू शकतो," ओळंबा म्हणाले, आणि मेव्हण्याला जोराचा ठसका लागला. हेच वाक्य तो भाऊजींना तीस वर्षं ऐकवत आला होता.

घरी आल्यावर जेवणं झाली. मेव्हणा सवयीने गॅलरीत गेला. त्याने सिगारेट सोडून चौथा दिवस होता आणि तो नुसताच कठडा धरून उभा होता. ओळंबा मागोमाग गेले, पण भाषण काही सुचेना.

"काय रे," त्यांनी विचारलं, "तुला कुठे होतं? मला इथे होतं, छातीच्या जरा खाली."

"मला घशात. आणि बोटांत."

"बोटांत मलाही."

त्या रात्री ठरलं. मेव्हण्याने त्यांच्याकडेच राहायचं, सिगारेटीला शिवायचं नाही. आणि ओळंब्यांनी महिनाभर भिंतीवरच्या कुठल्याही फ्रेमला शिवायचं नाही. बायकोने उत्साहाने घरातल्या सगळ्या सात फ्रेमा तिरक्या केल्या. सासऱ्यांचा फोटो तिने जरा जास्तच कलवला, त्यात तिचा काही जुना हिशेब असावा.

मग त्या घरात दोन प्रौढ पुरुष एकमेकांची राखण करू लागले. मेव्हणा जिन्याकडे निघाला की ओळंबा चप्पल घालायचे. ओळंबा भिंतीकडे वळले की मेव्हणा त्यांचा सदरा मागून धरायचा. एकदा बँकेत समोर वाकडं कॅलेंडर आणि काचेपलीकडे सिगारेट ओढणारा पहारेकरी असे दोन्ही एकदम आले, तेव्हा दोघे बाकावर एकमेकांचा हात घट्ट धरून बसले. खिडकीतल्या बाईंनी पाणी हवंय का विचारलं.

अकराव्या दिवशी मेव्हण्याने कारखान्यामागे अर्धी सिगारेट ओढली आणि येऊन कबूल केलं. पूर्वी ओळंब्यांनी त्याला तासभर सोडलं नसतं. आता ते खाली बघत म्हणाले, "मी काल वरच्या मजल्यावर पेपर मागायला गेलो होतो."

"पेपर आपल्याकडे येतो की."

"तेच तर. त्यांच्या बैठकीत तीन फ्रेमा आहेत. तिन्ही केल्या."

दोघांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा एकपासून दिवस मोजायला सुरुवात केली.

मेव्हण्याला आता पाच महिने झालेत. वजन सहा किलो वाढलंय आणि जिना चढताना तो शीळ घालतो. ओळंब्यांची फ्रेम काही पूर्ण सुटली नाही. पण हल्ली ते दुसऱ्याच्या घरी आधी बसतात, पाणी पितात, ख्यालीखुशाली विचारतात आणि मगच यजमानांना हळूच म्हणतात, "तुमची हरकत नसेल तर एकच."

यजमान बहुधा हो म्हणतात. ते एकच करतात आणि परत खुर्चीत येऊन बसतात.