छातीवरचे हात

मी एक जुना रबरी पुतळा आहे. डोकं, छाती आणि पोट एवढंच माझं शरीर. हातपाय कारखान्यानं दिलेच नाहीत. पण छातीत दणकट स्प्रिंग बसवली आणि खांद्यात एक हिरवा दिवा. छाती पुरेशी खोल दाबली की तो लागतो. मित्रांनो, हृदय बंद पडलेल्या माणसाला कसं वाचवायचं, हे उद्याचे डॉक्टर माझ्यावर शिकतात!

खरं सांगायचं तर पूर्वी कुणी मनापासून शिकत नव्हतं. परीक्षेच्या तोंडावर पोरं यायची, चार धक्के मारायची आणि सही घेऊन पळायची. एरवी माझ्या गळ्यात त्यांचे ॲप्रन लटकायचे. माझी विचारपूस करायचे ते फक्त प्रयोगशाळेतले मामा. ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसून म्हणायचे, "चला, झाली आंघोळ!"

मग नव्या मॅडम आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना जिन्यानं वरपर्यंत पळवलं आणि लगेच माझ्यापुढे गुडघ्यांवर बसवलं. काय ती फजिती! माझा दिवा जेमतेम मिणमिणला. सगळ्यात आधी हातपाय गाळले ते लिफ्टबाईनं. एक मजला चढायलाही ती लिफ्टची वाट बघायची, म्हणून हे नाव.

"मॅडम, आम्ही डॉक्टर व्हायला आलोय, पैलवान व्हायला नाही," ती धापा टाकत म्हणाली.

"अगं, पण डॉक्टरच असा आडवा झाला, तर पेशंटनं उठून त्याला पाणी द्यायचं का?"

वर्ग खो खो हसला. त्या दिवसापासून व्यायाम अभ्यासक्रमातच शिरला. प्रयोग स्वतःच्याच हृदयावर! पळण्याआधी नाडी मोजायची, पळून आल्यावर मोजायची आणि ती का वाढली ते समजावून सांगायचं. गुण मिळायचे ते दुसऱ्याला हरवण्याचे नव्हे, कालच्या स्वतःला मागे टाकण्याचे. लिफ्टबाई आधी कुरकुरली, मग चालू लागली, मग चक्क धावू लागली! माझा दिवा दर दाबाला लखलखू लागला.

एका दुपारी तास ऐन रंगात आला होता. बाक सरकवता सरकवता मामांनी छातीवर हात ठेवला आणि ते धाडकन कोसळले. अगदी माझ्या शेजारी!

मॅडमनी हाका मारल्या, गळ्याची नाडी पाहिली. श्वास नाही, नाडी नाही. "छाती दाबायला घ्या! आणि झटक्याचं यंत्र आणा, पळा!"

हृदयाला विजेचा झटका देणारं ते यंत्र होतं तळमजल्यावर. एक जण जिन्याकडे सुसाट सुटला. लिफ्टबाई मामांपाशी बसली. कोपरं ताठ, मोजणी खणखणीत. तिचा घाम मामांच्या सदऱ्यावर टपटपत होता. "बदला!" मॅडम ओरडल्या की दुसरा बसे, तो दमला की पुन्हा ती. एकाचाही हात सैल पडला नाही. यंत्र आलं, झटका बसला, दाबणं पुन्हा सुरू. आणि मामांची बोटं हलली!

"नाडी लागतेय!" मॅडमचा आवाज फुटला. इतका वेळ खंबीर राहिलेली लिफ्टबाई तिथंच हमसून हमसून रडली.

बरे होऊन मामा परतले, ते थेट माझ्याकडे आले. माझ्या छातीवर हात फिरवत म्हणाले, "बाबा रे, रोज एवढं कसं सोसतोस? माझ्या बरगड्या अजून ठणकताहेत!"

मित्रांनो, उद्या नवी तुकडी येणार आहे. माझ्या रबराला भेगा पडल्यात, पण छाती शाबूत आहे. पुस्तकं जपता, तसं शरीरही जपा. कुणाचा तरी श्वास एखाद्या दिवशी तुमच्या दमावर तगणार आहे. या, बाह्या सरसावा आणि दाबा!