शकुनबाईचा आवाज

दुपारी एकला जेवणाची सुट्टी झाली. तुमसरच्या राईस मिलमधली मशीन थांबली आणि आवार शांत झालं. श्रावणने डबा उघडला. पहिला घास हातात घेतला, तेवढ्यात मागून त्याच्या बायकोचा आवाज आला.

"मेली असशीन त आता जेवाले ये!"

श्रावणचा हात तिथंच थांबला. शकुनबाईला जाऊन चार महिने झाले होते.

त्याने वळून पाहिलं. पोत्यांच्या थप्पीला टेकून चार हमाल एका मोबाइलभोवती बसले होते. व्हिडिओतल्या गेममध्ये कोणी मारला गेला की तो आवाज वाजायचा आणि चौघं हसायचे.

"कैलाश, हे काय लावलं?"

कैलाश मिलमध्ये नवीन होता. त्याने शकुनबाईला कधी पाहिलं नव्हतं. "गेमवाला चॅनल आहे भाऊ. भंडाऱ्याचा मनिष चालवते. खेळाचे व्हिडिओ टाकते, मंग पॉडकास्टवर त्याच्यावरच गप्पा. कोणी मेला का ही गावठी काकू ओरडते. पुण्याचे पोट्टे बी बोलतात आता, जेवाले ये, जेवाले ये. आज चार वाजता लाइव्ह आहे. काकूची जो चांगली नक्कल करन त्याले हेडफोन बक्षीस."

"कोण आहे हे काकू?"

"काय मालूम. असन कोणी."

श्रावणने डबा बंद केला. मुकादमाला सांगून तो तडक घरी आला.

त्याची मुलगी टीना कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती मोबाइलवर गेम खेळते, हे त्याला माहीत होतं. त्यापलीकडे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"तुह्या आईचा आवाज त्या मनिषले कोण देला?"

टीना भिंतीला टेकली. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "मीच देला बाबा. मागच्या वर्षी. आम्ही टीम करून खेळत होतो. माहा माईक चालूच राहिला. मी मेली मेली करून ओरडली अन् आई रांधणीतून तसं बोलली. सगळे खूप हसले. मनिष म्हणे रेकॉर्डिंग पाठव, मी पाठवली."

"तिले विचारलं होतं?"

"नाही."

"ते गेली तवा सांगतलं त्याले?"

टीनाने नकारार्थी मान हलवली. "कोणालेच नाही सांगतलं. तिथं सगळ्याइले वाटते आई आहे. रोज कोणी ना कोणी विचारते, काकूनं आज काय रांधलं. मी सांगते भात, वरण, वांगे. तिथं आई अजून आहे बाबा."

श्रावणला पोरीवर ओरडायचं होतं. त्याने पायात चपला घातल्या. "चाल," तो एवढंच म्हणाला.

भंडाऱ्याची एसटी अडीचला मिळाली. टीना सारखी फोन लावत होती. मनिषचा फोन बंद होता. लाइव्हच्या आधी तो नेहमी फोन बंद ठेवायचा. श्रावण खिडकीबाहेर पाहत होता. बायकोची नक्कल. हेडफोनसाठी.

ते मनिषच्या घरी पोचले तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. दार मनिषच्या आईनं, मंदाबाईनं उघडलं. आतल्या खोलीतून कोणीतरी चिरक्या आवाजात "जेवाले ये" म्हणत होतं आणि पाठोपाठ हसण्याचा आवाज येत होता.

श्रावण सरळ आत घुसला आणि त्याने टेबलावरचा माईक धरला.

"काका, काय करता? लाइव्ह चालू आहे," मनिष दचकून उठला.

"बंद कर. नाही त मी तोडतो."

"काहून? कोण आहा तुमी?"

"ज्या बाईची नक्कल करून राहिले, तिचा नवरा."

मनिषने टीनाकडे पाहिलं. टीना म्हणाली, "आई नाही आता, मनिष. चार महिने झाले."

मनिष म्हणाला, "तू त कालच सांगितलं, काकूनं वांगे रांधले म्हणून."

मंदाबाई दारातून आत आली. "भाऊ, माईक सोडा. तो तोडून काय होईन?" मग ती मुलाकडे वळली. "अन् तू. मी तुले रोज हाका मारते. माहा आवाज कोणी असा बाजारात नेला, अन् माह्या बोलीवर लोक खिदळले, त तुले चालन?"

"पण आई, वाईट हेतू नव्हता. लोकाइले आवडते."

"हेतूचं मी नाही विचारून राहिली. त्या बाईले एका शब्दानं विचारलं होतं? ते पोरीले जेवाले बोलवत होती. तुमी तिले हसाले बोलवलं."

मनिषने श्रावणकडे पाहिलं. "काका, स्पर्धा बंद करतो. सगळ्या व्हिडिओतून आवाज काढतो. लोकाइले काय सांगू ते तुमी सांगा."

श्रावणने माईक सोडला. "टीना सांगन."

टीना माईकसमोर बसली. चारशे लोक ऐकत होते. "हा आवाज माझ्या आईचा. तिचं नाव शकुनबाई. मी तिला न विचारता तो तुम्हाला दिला. ती आता नाही. चूक माझी आहे." ती थांबली आणि बापाकडे वळली. "बाबा, पूर्ण रेकॉर्डिंग माह्या फोनमधी आहे. लावू का?"

आजवर कोणी असं विचारलं नव्हतं. श्रावणने होकारार्थी मान हलवली.

शकुनबाई बोलली. "मेली असशीन त आता जेवाले ये! भात थंडा होऊन राहिला. अन् बाबाचं ताट झाकून ठेव. मिलमधून थकून येते बिचारा."

एवढंच. पहिल्या वाक्यापुढचं सगळं व्हिडिओत कापलेलं होतं. श्रावण पलंगावर बसला आणि चार महिन्यांत पहिल्यांदा चारचौघांसमोर रडला. त्या दिवशी लाइव्हमध्ये पुढे कोणी नक्कल केली नाही.

घरी परतल्यावर श्रावणने भात टाकला. टीनाच्या खोलीतून गेमचा आवाज येत होता. तो दारात उभा राहिला. "माईक बंद आहे का?"

"आहे बाबा."

"मंग जेवाले ये."

वाचकहो, खेळ वाईट नाही, हसणंही वाईट नाही. पण आपल्या मोबाइलमध्ये पकडलेला आवाज कोणाच्या तरी घरातला असतो. तो बाहेर सोडण्याआधी त्या माणसाला विचारा. माणूस आहे तोवरच विचारता येतं.