के-फोर म्हणजे काय

“गोदामात पंपाचं एक बेअरिंग नाही, आन् तुमचं मशीन म्हणून राहिलं, गॅस्केट मागवा! गॅस्केट काय गळ्यात घालून फिरू का जी?” गोदामाच्या चंद्रभानने यादीचा गठ्ठा टेबलावर आपटला.

विश्वनाथसाहेबांनी कॉम्प्युटर विभागावरून नजर फिरवली. “प्रोग्रामला हात कोणी लावला?”

“मी, सर,” प्रेमिला म्हणाली.

इंदोऱ्याची ही मुलगी कार्ड पंचिंगमधून खात्याची परीक्षा देऊन नुकतीच प्रोग्रामिंगला आली होती. माल कधी मागवायचा याचा नवा नियम प्रोग्राममध्ये तिने घातला होता. मूळ प्रोग्राम विभागातल्या जुन्या प्रोग्रामर लतिकाचा. कोबॉल या प्रोग्रामच्या भाषेत प्रत्येक आकड्याला ऐसपैस नाव देता येतं. लतिकाने एकेक अक्षर आणि पुढे क्रमांक एवढंच दिलं होतं. आपण शिकलो त्या पदार्थविज्ञानात एका अक्षरावर भागतं, शिवाय पंच करायला कार्डं कमी लागतात, असं ती सांगे. के-फोर या नावात तर आधी शिल्लक माल असे आणि अर्ध्या प्रोग्रामनंतर मागवायचा माल. एकाच जागेत दोन कामं, याचं तिला कौतुक होतं. प्रोग्राम दुसऱ्या कोणाला उमगत नसे, म्हणून ती रजेवर गेली की ऑफिसचा शिपाई सायकलवरून तिला बोलवायला घरी येई. शेजारी बघत. तेही तिला आवडे.

गेल्याच महिन्यात प्रेमिला कागद घेऊन आली होती. “मॅडम, हे के-फोर म्हणजे काय जी?”

“वाच ना. डोकं चालव,” लतिका हसली होती.

आता प्रेमिला तिच्याकडेच बघत होती.

“लतिकाबाई, हिनं तुम्हाला विचारलं नव्हतं?” साहेब म्हणाले.

“विचारायला हवं होतं,” लतिका म्हणाली.

प्रेमिलाने आपली पेन्सिल पर्समध्ये टाकली. सोमवारी ती पुन्हा पंचिंगला बसली.

दुरुस्ती लतिकाकडे आली. तिसऱ्याच पानावर तिचं बोट अडलं. इथला के-फोर शिल्लक की मागणी? आठवेना. पानं मागे-पुढे करता करता चहावर साय धरली. प्रेमिलाने विचारलं होतं, हे खरं सांगून टाकावं म्हणून ती उठली, साहेबांच्या दारापर्यंत गेली, पडद्याला हात लावला आणि परत आली.

मग तिने सगळा प्रोग्राम नव्याने लिहायला घेतला. शिल्लक मालाला शिल्लक माल, मागणीला मागणी. प्रत्येक भागाच्या डोक्यावर, इथे काय होतं ते साध्या एका ओळीत.

कार्डं आणायला ती स्वतःच पंचिंगच्या खोलीत गेली. मशीनच्या खडखडाटात मोठ्याने बोलावं लागे.

“लय लांब नावं ठेवली, मॅडम. कार्डं वाढले.”

“वाढू दे. वाचून समजतं ना गं?”

“मले काहून समजाले पाह्यजे जी?” प्रेमिला मान वर न करता म्हणाली. “मी तं पंच करून राहिली.”

तिने गठ्ठा टेबलावर ठोकून कडा जुळवल्या, रबर चढवलं आणि पुढे सरकवला. लतिका तो दोन्ही हातांत धरून उभी राहिली. प्रेमिलाने दुसऱ्या कोणाचा तरी कागद समोर लावून घेतला होता.