फौजदाराला आत कोंडलं, त्या दुपारी

फौजदार आयुष्यात कधी कुणाच्या घरात राहिला नव्हता. जिन्यामागे मीटरच्या पेटीवर एक पत्रा होता. तिथे बसून तो येणाऱ्याजाणाऱ्याकडे असा बघे, की सभ्य माणसालाही उगाच खिसे चाचपावेसे वाटत. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकूंनी या बोक्याला नाव दिलं, रोजचं खाणं दिलं, दोनदा घरातही आणून पाहिलं. दोन्ही वेळा त्याने पडदा फाडला. काकूंनी विषय सोडला. पाहुणचार सगळ्यांनाच सोसतो असं नाही.

आता तो म्हातारा झाला होता. मूत्रपिंडं गेलेली, उडी जमेना. "जिथे रमतो तिथे राहू द्या, छळू नका," डॉक्टर म्हणाले. काकूंनी त्याला पत्र्यावर चढायला तिरकी फळी लावली. सोसायटीच्या अध्यक्षांनी ती अडगळ म्हणून काढली. काकूंनी पुन्हा लावली, त्यांनी पुन्हा काढली. एवढी चिकाटी त्यांनी गळक्या टाकीच्या बाबतीत दाखवली असती, तर इमारत कोरडी राहिली असती.

मग बोका जाणार अशी बातमी पसरली आणि इमारतीला दयेचा झटका आला. इतकी वर्षं त्याच्या अंगावर पाणी फेकणारे लोक काकूंना अडवून विचारू लागले, "बिचारा उघड्यावर! तुम्हाला बघवतं तरी कसं हो?"

एका दुपारी काकू शिवलेले कपडे पोचवून परतल्या, तर पत्रा रिकामा. सोसायटीच्या ऑफिसातून फौजदाराचा आवाज येत होता. मारामारीतही तो कधी असा ओरडला नव्हता. दाराशी अध्यक्ष आणि काकूंची नणंद, पुण्यकर्म उरकल्याच्या चेहऱ्याने उभे.

"वन्सं, किल्ली द्या."

"अगं वहिनी, आत गादी घातलीय, पंखा लावलाय. आणखी काय हवं त्याला?"

"दार."

"अहो, बाहेर मरेल तो!" अध्यक्ष म्हणाले.

"आतही मरणारच आहे. फक्त तुमचं ऑफिस बघत मरेल."

"आम्ही माणुसकीच्या नात्याने..."

"मांजराला कशाला माणुसकी दाखवता? त्याने तुमचं काय वाकडं केलंय?"

नणंदेने किल्ली दिली. गादीला त्याने पायही लावला नव्हता. दार खरवडून नखांतून रक्त आलं होतं. काकूंनी उचललं, तर त्याने उचलू दिलं.

त्यांनी त्याला पत्र्यावर ठेवलं. तो पाय दुमडून रस्त्याकडे तोंड करून बसला. काकू स्टुलावर चढून त्याच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. ऊन उतरता उतरता हाताखालचा श्वास थांबला.

त्या त्याला अस्तराच्या कापडात गुंडाळत होत्या, तेव्हा अध्यक्ष पुन्हा आले. "आत असता तर आणखी दोन दिवस काढले असते. असो. ग्रुपवर श्रद्धांजली टाकतो. एखादा बरा फोटो आहे का?"

काकूंनी घरातून कुदळ आणि खोरं आणून त्यांच्या हातात दिलं.

"मी?" अध्यक्षांनी मदतीसाठी आजूबाजूला पाहिलं. एरवी प्रत्येक खिडकीत असणारी दया आता पडद्याआड गेली होती.

"वाफ्यामागे. खोदा."

अध्यक्ष खोदू लागले. थोड्या वेळाने, मान न वळवता, धापा टाकत म्हणाले, "एवढं पुरे ना?"

"अजून खोल."

फौजदाराला एवढ्या खोल खड्ड्याची गरज नव्हती. पण ते पाठमोरे होते तोवर काकूंना रडून घ्यायचं होतं, आणि त्या माणसासमोर डोळे पुसायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती.

"आता?"

"अजून," काकू म्हणाल्या.