सोळा इंचाची पट्टी

माझा भाऊ अभिमन अठ्ठावन्न वर्षांचा झाला, पण मोबाइल हातात आला की अक्कल बाजूला काढून ठेवतो. यंदा संक्रांतीपासून त्यानं एकच धोशा लावला होता, झाडं कापायची मशीन घ्यायची. चेनसॉ. काय तर म्हणे, घरात असलेली बरी, कधीमधी लागते. वर्षातून एखादी वाळकी बाभूळ आणि पावसाळ्याआधी चार फांद्या, एवढ्यासाठी हा माणूस दिवसदिवस कोणी परदेशी टोपीवाला ओंडके कापतो ते बघत बसायचा. जेवताना पंचेचाळीस सीसी, आंघोळीला जाताना अठ्ठावन्न सीसी. त्याच्या बायकोनं, सरितानं, एकदा विचारलं की सीसी म्हणजे काय. अर्धा तास बोलला आणि शेवटी म्हणाला, बायकांना ते कळायचं नाही. मी ओळखलं, ह्यालाच कळलेलं नाही.

आम्ही असोद्याचे. केळी आणि कपाशी. केळीला विळा पुरतो, कपाशीला तोही लागत नाही. मी बेबाबाई, अभिमनची थोरली बहीण, गावाची अक्का. तेहतीस वर्षं यावलच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. आता निवृत्त होऊन माहेरच्या पुढल्या खोलीत राहते. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. आहेच. दवाखान्यात गोड बोलून कोणी इंजेक्शन घेत नसे.

आजवर लाकडाचं काम सुकलाल करायचा. हा यावलच्या पलीकडचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. तरुणपणी आमच्या वडिलांकडे कामाला आला तो शेताच्या कडेला झोपडी बांधून राहिला. बोलायला महाकंजूष, चहा आला तरच तोंड उघडणार. होळीला गावाकडे गेला की महिनाभर उगवत नाही. तिकडे मोहाची पिऊन पडत असेल, असं मी सगळ्यांना सांगत असे. आणि त्याची ती कुऱ्हाड. तिच्यावरून मी त्याला त्रेचाळीस वर्षं टोचत आले. पाहुण्यांना सांगायचे, हा आमचा सुकलाल, ह्याच्या कुऱ्हाडीनं दोरसुद्धा तुटत नाही.

ते खरंच होतं. माझ्या लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी येतात, अंगणात झोका बांधतात, तशी मीही आले होते. आमच्या दारच्या निंबाला झोका होता, सुकलालनंच बांधलेला. दुसऱ्या दिवशी नवरा आणि त्याचा मामा मला न्यायला आले. मी झोक्यावर बसले होते. दोन्ही दोर घट्ट धरले आणि म्हणाले, मी येत नाही. का, ते सांगत बसत नाही. पाठीवर पट्ट्याचे वळ होते, एवढं पुरे. वडील शेतात होते. दारात अर्धी गल्ली जमली होती, तिच्यासमोर सासरच्यांना मला हात लावता येईना. तेव्हा मामानं सुकलालला हाक मारली. तो तिथंच लाकडं फोडत होता. म्हणाला, दोर तोड रे, पडेल तशी उठेल आणि गाडीत बसेल.

सुकलाल आला. त्यानं माझ्या डोक्यावरच्या दोरावर कुऱ्हाड घासली, एकदा, दोनदा, तीनदा. दोराचं साधं सूतही तुटलं नाही. मग पातं बघितलं आणि म्हणाला, बोथट शे. गल्ली फिसकन हसली. मामा चिडला तशी आणखी हसली, आणि त्या हसण्यात त्याचा सगळा रुबाब उतरला. तेवढ्यात वडील आले. त्यांनी माझी पाठ बघितली आणि पाहुण्यांना पाणीही न विचारता वाटेला लावलं. मी पुन्हा त्या घरी गेले नाही. शिकले, नर्स झाले. एका आळशी माणसानं कुऱ्हाडीला धार लावली नव्हती, म्हणून माझं आयुष्य वाचलं. नशीब कुठल्या रूपात येईल सांगता येत नाही, असं मी हसत सांगत असे. सुकलाल समोर असला तरी सांगत असे.

तर मशीन. जळगावच्या दुकानदारानं फोनवर अभिमनला सांगितलं की तुमच्याकडचं सगळ्यात जाड लाकूड मोजा, म्हणजे किती इंचाची पट्टी घ्यायची ते ठरेल. पट्टी म्हणजे ते पुढचं लांब पातं, ज्यावर साखळी फिरते. झालं. साहेब सरिताची शिलाईची टेप घेऊन निघाले. बाभूळ मोजली, नऊ इंच. शेवगा मोजला. शेवगा कोणी मशीननं कापतं का? मी मागून दोरीचं टोक धरत होते आणि टोमणे मारत होते. मग तो निंबापाशी आला. टेप पुरेना, म्हणून दोरी गुंडाळली. मीच टोक धरलं, कपाळ माझं. एकोणऐंशी इंच घेर भरला. मोबाइलवर भागाकार करून म्हणाला, पंचवीस इंच जाडी.

मी विचारलं, निंब कशाला मोजतोस? तो म्हणाला, सहज. सहज म्हणताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. चहाच्या वेळी सगळं बाहेर आलं. त्याला अंगणात पत्र्याची शेड टाकायची होती, गाडीसाठी. मुळं ओट्यात शिरलीत, लिंबोळ्यांचा चिखल होतो, पोरगा पुण्याहून गाडी आणतो ती उन्हात तापते. पोरगा वर्षातून दोनदा येतो. दोन दिवसांच्या सावलीसाठी वर्षभराची सावली कापणार, असा हा हिशेबी.

मी म्हटलं, निंबाला हात लावायचा नाही. तो म्हणाला, "अक्का, घर माझ्या नावावर आहे."

खरं होतं. वडील गेल्यावर हक्कसोड पत्रावर मीच सही केली होती, भाऊ आहे म्हणून, वाचलंसुद्धा नव्हतं. त्या रात्री मी जेवले नाही. रडलेही, खोटं का बोलू. त्या झाडाखाली मी एकदा नाही म्हणाले होते. एवढ्या आयुष्यात माझं म्हणून तेवढंच होतं, आणि त्याची ह्यानं टेपनं जाडी काढली.

सकाळी डोकं ताळ्यावर आलं. झाड माझं नाही, पण मशीन कोणती घ्यायची त्यात तोंड घालायला कोणाच्या सहीची गरज नव्हती. पंचवीस इंचाच्या झाडाला पुरणार नाही अशी आखूड पट्टी ह्याच्या गळ्यात मारायची. मी साडी बदलली आणि त्याच्या मोटरसायकलवर मागे बसले.

दुकान गौतमचंदजींचं. म्हातारे गादीवर बसतात, मशिनी मुलगा संयम दाखवतो. म्हाताऱ्यांचा नियम आहे म्हणे, हिरवं झाड तोडायचं नाही. त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतात, वाळलेलंच कापायचं ना? प्रत्येक गिऱ्हाईक हो म्हणतं, आणि त्यांच्या जिवाला बरं वाटतं. अभिमननंही हो म्हटलं, वाळकी बाभूळ आहे. मी त्याच्याकडे इतकं रोखून बघितलं की तो मशिनीवरची किंमत वाचू लागला.

संयमनं दोन मशिनी काढल्या. पंचेचाळीस सीसी, सोळा इंच पट्टी. अठ्ठावन्न सीसी, बावीस इंच. अभिमनचा जीव मोठीवर. उचलून छातीशी धरली आणि आरशात बघितलं. दुकानात आरसा होता, तोही घात. मी म्हटलं, उचलली ते ठीक, आता चालू कर. दोरी ओढली, नुसती खुर्र. पुन्हा ओढली. पाचव्यांदा कमरेतून असा काही आवाज आला की म्हातारे गादीवरून अर्धे उठले. मी संयमला विचारलं, ही मशीन घेतली तर कमरेचा पट्टा सोबत मिळतो का? दुकानातली चार गिऱ्हाइकं हसली. अभिमनचे कान लाल झाले. लहान मशीन दुसऱ्या ओढीला सुरू झाली. संयमही म्हणाला की काका, कधीमधी वापरायला हीच बरी, हलकी आहे, मोठी घेऊन लोक पस्तावतात. मी त्या पोराला मनातल्या मनात आशीर्वाद दिला. सोळा इंचाची पट्टी घेऊन आम्ही घरी आलो, आणि मी कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

बाभळीची कथा थोडक्यात सांगते. पहिल्या दिवशी मशीन चालली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी व्हिडिओ बघून साखळी काढून साफ केली आणि उलटी बसवली. मग अर्धा तास बाभळीला नुसता धूर. सुकलाल जरा लांब उकिडवा बसून बघत होता. मी म्हटलं, बघ, एकाची कुऱ्हाड बोथट, दुसऱ्याचं डोकं. शेवटी साखळी सुलटी झाली, तर बाभूळ बुडाशी कापताना पट्टी मातीत घुसवली आणि सगळी धार घालवली.

तरी निंब काही डोक्यातून जाईना. एका सकाळी अभिमननं सुकलालला बोलावून विचारलं, ह्या मशीननं निंब पडेल का? मी ओट्यावर गहू निवडत होते. हात थांबले. सुकलाल झाडाभोवती फिरला. पट्टीवर वीत ठेवली, मग खोडावर ठेवली. बराच वेळ वर फांदीकडे बघत राहिला, झोक्याच्या फांदीकडे.

"पट्टी आखूड शे, भाऊ," तो म्हणाला. "नही जमाव."

मला हसू आवरेना. उभ्या जन्मात मशिनीला हात न लावलेला माणूस, आणि त्याचा सल्ला घेणारा माझा भाऊ. पण माझ्या फायद्याचं होतं, मी पुन्हा गहू निवडू लागले. अभिमन मात्र म्हणाला, मग लांब पट्टी बसवून घेऊ. साखळीला धार लावून आणायची होतीच, मला जळगावला जायचं होतंच, तेव्हा त्यानं मशीन पिशवीत घालून माझ्याकडे दिली आणि बजावलं की संयमला विचारून ये, हिला मोठी पट्टी बसते का.

संयम कानशीनं धार लावायला बसला. मी विचारलं, पंचवीस इंचाच्या झाडाला ही पट्टी पुरत नाही ना? माझी आपली खात्री करून घ्यायची होती. तो हसला. म्हणाला, पुरते की आजी, लांब पट्टी कशाला? अर्धं ह्या बाजूनं कापायचं, अर्धं त्या बाजूनं. सोळा इंचात तीस इंचाचं झाड पडतं, कोणत्याही लाकूडवाल्याला माहीत असतं.

मी म्हटलं, आमच्याकडचा माणूस तर नाही म्हणाला. त्यानं पिशवीतल्या बिलावरचं गाव बघितलं. म्हणाला, असोद्याचे ना तुम्ही? मग तुमच्याच गावच्या सुकलालभाऊंना विचारा. दर होळीनंतर महिनाभर यावलकडच्या वखारीची मशीन तेच चालवतात, आठ वर्षं झाली. साखळ्या घ्यायला आमच्याकडेच येतात. मग कानस बाजूला ठेवून तो म्हणाला, "धार लावायला मला त्यांनीच शिकवलं. त्यांच्यासारखा हात आख्ख्या जळगावात नाही."

मी स्टुलावर बसले. म्हाताऱ्यांनी पाणी मागवलं, त्यांना वाटलं ऊन लागलं.

एसटीत खिडकीशी बसून मी असोद्यापर्यंत एकच गोष्ट उलटसुलट केली. ज्याच्या हातासारखी धार जळगावात नाही, त्याची कुऱ्हाड बोथट. वर्षानुवर्षं तीच कुऱ्हाड अख्खी बाभूळ दोन तासांत पाडते, हे मी डोळ्यांनी बघत आले आणि तरी तिला बोथट म्हणत आले. त्या दिवशी तो लाकडं फोडत होता. बोथट कुऱ्हाडीनं लाकडं फुटतात का? आणि दोरावर पातं घासताना त्यानं ते कोणत्या बाजूनं धरलं होतं, हे बघायची अक्कल ना मला, ना त्या मामाला, ना हसणाऱ्या गल्लीला. मामाशी भांडला असता तर मार खाल्ला असता आणि मलाही उचलून नेलं असतं. तो वेडा ठरला आणि मी सुटले. आणि बक्षीस काय दिलं मी? त्रेचाळीस वर्षं पाहुण्यांसमोर त्याची टिंगल केली. तेहतीस वर्षं लोकांची नाडी तपासत होते म्हणे. थू माझ्या शहाणपणावर.

घरी आले तर अभिमन ओट्यावर वाटच बघत होता. सुकलाल निंबाखाली बाभळीचे ओंडके फोडत होता. मी पिशवी खाली ठेवली, तसा तो कुऱ्हाड टेकवून थांबला. दुकानात काय बोलणं झालं असणार, ते त्याला कळलं होतं.

मी मोठ्यानं सांगितलं, संयम म्हणाला, ह्या मशीनला लांब पट्टी बसत नाही. आखूड पट्टीनं निंब कापायला गेलात तर इंजीन जाम होईल आणि दुकान भरून देणार नाही. अभिमननं दोन्ही प्रश्न पुन्हा विचारले, मी दोन्ही खोटी उत्तरं पुन्हा दिली. बराच वेळ तो निंबाकडे बघून चडफडला. मग म्हणाला की जाऊ दे, शेड मागे गोठ्याच्या अंगाला टाकू, तिथं तरी कोणी आडवं येणार नाही. आणि मोबाइल घेऊन पत्र्यांचे व्हिडिओ लावून बसला.

सुकलालनं कुऱ्हाड उचलली. मांडीएवढा ओंडका होता. एका घावात त्याचे दोन झाले.

मी चहा घेऊन खाली गेले. कप त्याच्या हातात दिला. आभार मानायची मला सवय नाही.

"सुकलालभाऊ," मी म्हटलं. भाऊ मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. "कुऱ्हाड अजून बोथटच का?"

त्यानं पात्याकडे बघितलं, अगदी त्या दिवशी बघितलं होतं तसंच. चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही.

"बोथटच शे, अक्का."

आखाजीला चार दिवस होते. मी आत गेले, माळ्यावरचा दोर काढला आणि त्याच्यापुढे आणून ठेवला.