लंगडा ठोका

घड्याळजींच्या घरातला संगणक चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की त्यांची बायको बटण दाबून कुंड्यांना पाणी घालायची, दूध तापवायची, वरच्या मजल्यावरच्या बाईंशी जिन्यात उभ्याउभ्या चार शब्द बोलून परत यायची, आणि तरी पडद्यावरचं ते चक्र गरगर फिरतच असायचं. मग ती खुर्चीत बसून त्या चक्राकडे अशी बघायची, की त्याच्या जागी माणूस असता तर त्याने मुकाट्याने राजीनामा दिला असता.

"अहो, याला काहीतरी झालंय," ती म्हणायची.

"काही झालेलं नाही. ऐक जरा! टिकटिक कशी खणखणीत चाललीये!"

हे उत्तर पुढच्या खोलीतून यायचं. तिथे घड्याळजींचं दुकान होतं, आणि उत्तर देताना ते डोळ्याचं भिंगसुद्धा काढायचे नाहीत. सगळी हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. त्यांचं शास्त्र सरळ होतं. टिकटिक करतं ते जिवंत, आणि गप्प बसतं ते दुरुस्तीला. संगणक पूर्वी नुसता घुमायचा, तेव्हाच त्यांना त्याचा भरवसा वाटत नव्हता. अलीकडे पेटीतून बारीक टकटक यायला लागली, तेव्हा कुठे त्यांना बरं वाटलं.

फक्त ठोका लंगडा होता. टक, मग जरा थांबून टकटक, मग पुन्हा टक. भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ वाकडं टांगलं की नेमकी अशीच चाल येते, आणि त्यावर इलाज म्हणजे घड्याळ केसभर इकडेतिकडे सरकवायचं. बायको बाजारात गेल्याची संधी साधून घड्याळजींनी पुठ्ठ्याच्या घड्या केल्या, संगणकाच्या एका कोपऱ्याखाली सारल्या, पेटीला कान लावला, एक घडी काढली, पुन्हा कान लावला. शेवटी ठोका बऱ्यापैकी एकसारखा झाला. जाता जाता त्यांनी पेटीवरची धूळही पुसली आणि केलेल्या उपकाराची कुठेही वाच्यता केली नाही.

आता त्या संगणकात नुसते लग्नाचे फोटो असते तर एवढं बिघडलं नसतं. पण त्यात बायकोची कादंबरी होती. जन्मभर टेलिफोनच्या कचेरीत बसून दुसऱ्यांचे फोन जोडून दिल्यावर, निवृत्त झाल्या झाल्या बाईंनी खुनाची कादंबरी लिहायला घेतली. "लोकांची भांडणं आयुष्यभर अर्धीच ऐकली. आता एक तरी शेवटापर्यंत नेते," असं तिचं म्हणणं. एका जहाजवाल्या शेठचा बंद खोलीत खून होतो, आणि घरातल्या प्रत्येकाला तो मेलेला हवाच असतो. लिहून झालेली पानं ती संध्याकाळी नवऱ्याला वाचून दाखवायची. घड्याळजींना सगळ्यांचा संशय यायचा. एकट्या पुढच्या दालनात बसणाऱ्या म्हाताऱ्या मुनीमजींवर मात्र त्यांचा जीव होता.

"मुनीमजी नाही हां," ते बजावायचे. "गरीब माणूस आहे बिचारा. आपण बरं की आपलं काम बरं."

"शेवटी कळेल," बायको म्हणायची.

आणि इतके नकार पचवल्यावर एक प्रकाशक खरोखरच तयार झाला होता. शेवटच्या प्रकरणासकट सगळं महिनाअखेर हातात पडलं तर छापतो, म्हणाला. महिना संपत आला होता. त्याचा फोन आला की बायको रडकुंडीला येऊन सांगायची, "लिहीन हो, पण हे मेलं यंत्र चालेल तेव्हा ना! एक अक्षर उमटायला युग लागतंय." घड्याळजींना मनातून अपराधी वाटायचं. मग ते आणखी एक पुठ्ठा सरकवायचे.

एका सकाळी कुंड्या झाल्या, दूध झालं, जिन्यातलं बोलणंही झालं, आणि पडदा काळाच राहिला. मधोमध पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ होती. डिस्क वाचता येत नाही. बायकोच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो, गेलं सगळं! माझी कादंबरी गेली!"

घड्याळजींनी लगेच भाचीला फोन लावला. ही त्यांच्या बहिणीची मुलगी. लहानपणी याच दुकानात मामाची घड्याळं उघडून ठेवायची, आता लोकांचे संगणक उघडते. पाठीवर पिशवी टाकून ती आली, आणि आल्या आल्या खाली वाकली.

"मामा, हे पुठ्ठे कसले?"

"ठोका लंगडा होता, तो सरळ केला," घड्याळजी जरा ऐटीतच म्हणाले.

"कसला ठोका?"

त्यांनी कौतुकाने पेटीकडे बोट दाखवलं. टक. टकटक. टक. भाचीचा चेहरा उतरला.

"मामा, ही टिकटिक कधीपासून आहे?"

"झाले की चार-सहा महिने. का गं? चांगली आहे ना?"

"अहो, हार्ड डिस्क टिकटिक करत नाही. केली तर ती मरायला टेकलेली असते. आतली सुई जागा शोधते, सापडत नाही, परत येते, पुन्हा शोधते. म्हणून तर यंत्र एवढं हळू झालं. तुम्ही सहा महिने तिची घरघर ऐकत होतात!"

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं. बायकोने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती त्या चक्राच्या वाट्यालाही कधी आली नव्हती.

"पण घाबरायचं कारण नाही, मामी," भाची म्हणाली. "कादंबरीची एक प्रत वेगळी काढून ठेवा असं मी मागेच सांगितलं होतं. मामा म्हणाले होते, मी ठेवतो. कुठे ठेवलीत, मामा?"

"ठेवली ना. आतच आहे."

"आत म्हणजे?"

"याच्याच पोटात. नवा कप्पा केला आणि त्यात ठेवली. अगं, लंबकाच्या घड्याळाची किल्ली आपण कुठे ठेवतो? घड्याळाच्याच पेटीत, लंबकाच्या खाली. बाहेर ठेवली की हरवते." बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक होत गेला. "त्या कप्प्याला नावसुद्धा 'किल्ली' दिलंय."

भाचीने कपाळावर हात मारला. बायकोने वळून ओल्या कुंड्यांनाच पुन्हा पाणी घालायला घेतलं. एरवी ती बोलली की ते कान झाकून घेत. आज तिने चार शिव्या हासडाव्यात म्हणून ते आशेने उभे राहिले.

भाचीने पेटी उघडून डिस्क बाहेर काढली आणि वायर लावून आपल्या लॅपटॉपला जोडली. डिस्क पडद्यावर दिसली, नाहीशी झाली, पुन्हा दिसली, पुन्हा गडप.

"कूस बदलून बघू," भाची म्हणाली. "मरणपंथाला लागलेली डिस्क कधीकधी एका अंगावर चालते. नेहमी नाही, नशीब असेल तर. मामा, तुमचा हात स्थिर आहे. धरा, आणि टकटक कमी होईल तिथे थांबा. एकदा चालायला लागली की मात्र हलायचं नाही."

बिघडलेलं घड्याळ चीत, पालथं, उभं धरून ऐकायचं हे तर घड्याळजींचं रोजचंच काम. त्यांनी श्वास रोखून डिस्क हातात घेतली, सावकाश फिरवली आणि एका जागी थांबले. टकटक थांबली. डिस्क घुमायला लागली आणि लॅपटॉपवर एकेक प्रकरण उतरू लागलं.

आणि नेमकं तेव्हाच त्यांचं नाक खाजायला लागलं.

"हलू नका!" बायको ओरडली आणि तिनेच त्यांचं नाक खाजवलं. मग कान. मग पाठ.

"जरा वर," घड्याळजी पुटपुटले. "डावीकडे."

"गप्प बसा!"

दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाने आतल्या खोलीत डोकावून पाहिलं. चष्मा नाकावर घसरलेला, हात हवेत, आणि बायको पाठ खाजवतेय, असा घड्याळजींचा अवतार बघून ते आल्या पावली परत गेलं. खांद्यापासून बोटांपर्यंत हाताला मुंग्या आल्या होत्या, पण घड्याळजी बधले नाहीत. या घरात आजवर त्यांनी काही वाचवलं असेल-नसेल, हे वाचवायचं होतं.

"आलं, सगळं आलं," भाची म्हणाली. "एकच राहिलं. 'शेवट' नावाचं." पट्टी भरत गेली, टोकाला पोचली, आणि डिस्कने एकच मोठा टक आवाज करून मान टाकली. "तेही आलं! मामी, उघडून बघू?"

"नको, राहू दे," बायको घाईने म्हणाली. पण भाचीने तोवर ते उघडलंही होतं.

वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'शेवट'. खाली कोरं पान.

घड्याळजींनी डिस्क हलकेच टेबलावर ठेवली. त्यांचे डोळे भरून आले.

"माझ्यामुळे गेलं," ते म्हणाले. "तू सांगत होतीस आणि मी तुलाच ऐकवत होतो, टिकटिक ऐक म्हणून. तुझा शेवट मी घालवला गं."

"मामी, शेवटची फाइल खराब होऊ शकते," भाची हळूच म्हणाली. "अगदी टोकाला तिने दगा दिला असेल."

बायकोने कोऱ्या पानाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. त्याचा उजवा हात अजून तसाच आखडलेला, वाकडाच राहिलेला होता. ती गप्प बसली असती तरी तिला कुणी विचारणार नव्हतं.

"गेलं नाही ते," ती म्हणाली. "लिहिलंच नव्हतं."

"काय?"

"इतके महिने नुसतं नाव टाकून बसलेय. मला माहीतच नाही खून कुणी केला. सगळ्यांना त्या बंद खोलीच्या दारापर्यंत नेते आणि पुढे सुचतच नाही."

"मग यंत्र हळू आहे म्हणून रोज रडत होतीस ते?"

"हळू होतंच की! पण..." ती ओशाळली. "मला सोयीचं होतं."

घड्याळजींचा जीव असा भांड्यात पडला, की रागवायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. भाची मात्र पोट धरून हसत सुटली, आणि हसता हसताच तिने पिशवीतली नवी डिस्क पेटीत बसवली. ही टकटक तर सोडाच, हूं की चूं करत नव्हती. बटण दाबलं आणि बाई कुंड्यांकडे वळायच्या आत संगणक तयार. सगळं जागेवर बसवून आणि प्रतीची प्रत स्वतःच्या पिशवीत टाकून भाची गेली. बायको त्या लख्ख पडद्यासमोर बसून राहिली. आता तिला सांगायला कारणच उरलं नव्हतं.

आणि दुकानातला फोन वाजला, तशी ती उठून बाहेर आली. प्रकाशकच होता. बायकोने घाबरून नवऱ्याकडे पाहिलं.

"माझं नाव सांग," घड्याळजी कुजबुजले. "नवऱ्याने शेवट घालवला म्हण. आठवडाभर तरी मिळेल."

तिने फोन कानाला लावला. पहिली दोन वाक्यं चाचरत गेली, मग तिला सूर सापडला. "काय सांगू तुम्हाला! आमच्या ह्यांनी! नाही हो, वाईटपणाने नाही. कुणाला संशयसुद्धा येणार नाही. पुढच्या खोलीत आपल्या कामात मान घालून बसलेले असतात. येणारा-जाणारा म्हणतो, गरीब माणूस. आणि सगळ्यांचं भलं करायचं म्हणून, आसपास कुणी नाही असं बघून, हळूच आत येतात आणि..."

ती थांबली. घड्याळजी आपली निंदा मोठ्या समाधानाने ऐकत होते, तेही थांबले.

"मी तुम्हाला नंतर फोन करते," ती म्हणाली. फोन ठेवला आणि तशीच आतल्या खोलीत गेली. पाठोपाठ बटणांचा आवाज सुरू झाला.

घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं, पण त्यांचा कान आतच होता. ठोका एकसारखा पडत होता, कुठे लंगडत नव्हता. बऱ्याच वेळाने त्यांनी दारातून डोकावून चहा ठेवू का म्हणून विचारलं.

"ठेवा," ती मान वर न करता म्हणाली. "आणि ऐका. खून मुनीमजींनी केलाय."

"अगं, असं काय करतेस! तो बिचारा..."

"बिचाराच आहे," बायको टाइप करत म्हणाली. "मी त्याला फाशी नाही देणार."